रेंज

माझ्या बायकोला, मरियाला, देवाघरी जाऊन आठ महिने झाले. शाळेला सुट्टी लागली तेव्हा आमची सहा वर्षांची एस्तेर म्हणाली, "पप्पा, मला मोठ्या बोटीत बसायचंय. लई लांब जाणाऱ्या." आठ महिन्यांत तिनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं, म्हणून मी मुंबईहून निघणाऱ्या क्रूझची दोन तिकिटं काढली.

बोटीवर जिकडेतिकडे आई, बाप आणि मूल असे तिघे तिघे फिरत होते. एस्तेर पोहायच्या तलावाकडे गेली नाही की आइस्क्रीमकडे गेली नाही. ती सारखी माझा मोबाईल हातात घेऊन बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेलापूरहून माझ्या आईचा फोन आला. "आमोस, बोटीवर भाकर मिळती का रं? पोरगी जेवती का?" मी "व्हय" म्हणेपर्यंत फोन कट झाला.

"रेंज गेली?" एस्तेरनं विचारलं.

"गेली. भर समुद्रात कुठली रेंज?"

ती टाळ्या वाजवत उठली. फ्रॉकच्या खिशातून तिनं मरियाचा चष्मा काढला. घरी ती रोज मरियाचा नंबर लावायची, आणि फोनमधली बाई काय सांगते ते ऐकून फोन ठेवायची. मी तिला कधी अडवलं नव्हतं.

"पप्पा, आता आपण पण संपर्क क्षेत्राच्या बाहेर आलो," ती म्हणाली. "मम्मीची खोली कितवी?"