चालवून पाहायची मशीन

मारोतरावांनी मशीन आडवी केली तेव्हाच शामरावांना कळलं, की आजचाही रविवार गेला.

"पुन्हा खालचं पातं?" शामराव म्हणाले. "मागच्या रविवारी पाह्यलं ना तुमी."

"पाह्यलं. पन आठ दिवसात लोखंड बदलते जी."

रेल्वेत इतकी वर्षं काढूनही लोखंडाची ही बातमी शामरावांच्या कानावर आली नव्हती. पण गरज त्यांना होती. डोंगरगडला बदली झाली होती. उद्या सामान वॅगनमध्ये चढवायचं होतं, आणि तिथलं क्वार्टर यार्डाला लागून होतं, पुढे नुसता कोळशाचा भुगा. गवत कापायची ही हातानं ढकलायची मशीन त्यांनी आपल्या देशी परत जाणाऱ्या एका परदेशी इंजिनियरकडून हौसेनं घेतली होती. "गवताले विळा असते," असं त्यांच्या बायको बेबीताई तेव्हा म्हणाल्या होत्या. शामरावांनी ऐकलं नव्हतं. आता मशीन विकली नाही, तर ते वाक्य पेन्शनीपर्यंत ऐकावं लागणार, हे ते संसाराच्या अनुभवानं जाणून होते. आणि साऱ्या भिलाईत गिऱ्हाईक मिळालं ते हे एकच.

मारोतराव मूळचे भंडाऱ्याकडचे, आता कारखान्यात क्रेन चालवायचे. त्यांची मशीन पाहायची रीत बैलबाजारातली होती. त्यांनी फिरती पाती दोन्ही हातांनी धरून हलवली, चाकाला कान लावला, दांडा दाबून पाहिला. मग वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून दोन पात्यांच्या मध्ये धरली आणि फिरती पाती हळूच फिरवली. पट्टीचा चोथा झाला.

"चावते. कापत नाही."

शामरावांनी दात आवळत स्क्रू आवळला. दुसरी पट्टी कात्रीनं कापावी तशी कापली गेली.

"आता कापते. पन जड झाली."

शामरावांनी तेल आणलं. मशीन हलकी फिरू लागली, तेव्हा मारोतरावांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि म्हणाले, "चालवून पाहा लागन."

हे चालवून पाहणं म्हणजे कुंपणापर्यंत जाणं, तिथून वळणं, पहिल्या पट्ट्याला चिकटून दुसरा पट्टा काढणं, पुन्हा वळणं. पाऊस सरल्यावर गवत चांगलं माजलं होतं. शामराव बांधाबांधीसाठी गवतात काढून ठेवलेल्या बाजेवर बसले आणि ते येणंजाणं बघत राहिले. दर वळणाला मारोतराव जिभेनं च्च च्च असा आवाज करत होते. मशीनला तसं करायची काही गरज नव्हती.

"बस झालं," शेवटी शामराव ओरडले. "घेता का नाही, एक सांगा."

मारोतराव थांबले. "डाव्या अंगाले ओढते थोडी."

"तुमी म्हनान तो भाव द्या. अन् घेऊन जा."

मारोतराव डावं चाक बघत राहिले. दारात भांडी पोत्यात भरत बसलेल्या बेबीताईंनी मान वर केली. "मारोतभाऊ, तुमचं क्वार्टर कोनतं हो?"

"सेक्टरात. वरचा मजला."

"अन् अंगन?"

"खालच्याचं हाये. त्यानं फरशी टाकली."

शामराव बाजेवरून अर्धे उठले. "मंग मशीन कोनासाठी पाहून राहिले तुमी?"

मारोतरावांनी दांड्यावरचा हात काढला नाही. "घ्याची नोतीच," ते म्हणाले. "दिवसभर क्रेनवर टांगलेला असतो. घरी आलो, त तिथंबी वरतच. काहीतरी धरून मांगं मांगं चालावं, असं वाटते. बाकी काही नाही."

"पहिलेच कावून नाही सांगतलं? मी दुसरं गिऱ्हाईक पाह्यलं असतं ना!"

"सांगतलं असतं, त चालवू देल्ली असती काय?"

शामरावांना राग आवरेना. तीन रविवार या माणसाच्या मागे घातले, स्वतःचं तेल घातलं, चहा पाजला, आणि उद्या हे धूड त्यांच्याच गळ्यात. "न्या," ते म्हणाले. "फुकट न्या. पन मले पुन्हा तोंड दाखवू नका."

मारोतरावांनी मशीनकडे पाहिलं. थोडा विचारही केला.

"नेतो. पन चालवू कुठं?"

मारोतराव खाली बसले आणि पात्यांत अडकलेलं गवत बोटांनी काढू लागले, जायच्या तयारीनं. बेबीताई पोत्याचं तोंड धरून अंगणाकडे बघत होत्या. एका बाजूला सरळ, सारखे पट्टे पडले होते. दुसरी बाजू तशीच होती.

"तेवढं राह्यलं ते करून टाका, भाऊ," त्या म्हणाल्या. "अर्धं बरं नाही दिसत."

मारोतरावांनी शामरावांकडे पाहिलं. शामरावांनी मान फिरवली. मग मशीन पुन्हा चालू लागली, कुंपणापर्यंत गेली, वळली, परत आली, आणि वाटेतल्या बाजेपाशी येऊन थांबली. मारोतराव दांडा धरून उभे राहिले.

शामराव उठले, आणि बाज उचलून कापलेल्या बाजूला नेऊन ठेवली.