मीडियमची लेबलं

लार्ज म्हणजे मोठा, हे शाळेत शिकवतात. पण कपड्यांच्या दुकानात लार्ज म्हणजे हाताशी आलेलं गिऱ्हाईक गेलं, हे दुकानदाराला धंद्याने शिकवलं होतं. म्हणून नवा माल आला की त्याची बायको मागच्या खोलीत बसून ‘लार्ज’ची लेबलं उसवायची आणि त्यांच्या जागी ‘मीडियम’ची शिवायची.

आजही एक धिप्पाड बाई ट्रायल रूममधून हरखून बाहेर आल्या. "बघा, मीडियम बसला! घरचे उगाच जाडी जाडी करतात."

"छे हो ताई, उलट वाळलात तुम्ही," दुकानदार म्हणाला. एक ड्रेस घ्यायला आलेल्या बाई तीन घेऊन गेल्या.

त्यांची पाठ वळताच दुकानदार पोट धरधरून हसला आणि मागच्या खोलीत बायकोकडे गेला. "काय एकेक अक्कल असते बायकांची! आरशात दिसतं ते खोटं आणि चिंधीवर लिहिलंय ते खरं. माझ्याकडे बघ. लग्नात मीडियम घालत होतो, आजही मीडियमच घालतो. शरीर राखावं लागतं त्यासाठी!"

बायको मान खाली घालून टाके घालत राहिली. "अहो, मीडियमची लेबलं संपत आलीत. मागवून ठेवा."

"इतक्यात कशी संपली? या महिन्यात बायकांचा माल तर फारसा आलाच नाही."

"बायकांचा नाही आला," दाताने दोरा तोडत ती म्हणाली, "पण तुमचे नवे शर्ट आले ना."