श्रावणातली छाटणी

नेरळहून चिखल तुडवत विमलबाई माथेरानला पोचल्या, लॉजच्या व्हरांड्यात त्यांनी पिशवी टेकवली आणि टेकवलेल्या पिशवीवरच बसल्या. कुंडीत बेगोनियाच्या जागी चार बोटांएवढे खुंट उरले होते. शेजारी त्यांचे यजमान, लॉजचे मॅनेजर भाऊ, हातात कात्री घेऊन उभे होते. शाबासकी मिळण्याआधी माणूस जसा उभा राहतो, तसे.

"अगदी मुळापासून छाटलं," भाऊ म्हणाले. "तू माहेरी, आणि इकडे श्रावण लागला. म्हटलं, तुझा मुहूर्त चुकायला नको."

विमलबाईंना ओरडायची सोय नव्हती. श्रावणात, भर पावसात, मुळापासून, हे सगळे शब्द त्यांचेच होते.

लॉज तसा सुमारच. गाद्यांत ढेकूण, आमटीत पाणी. पण व्हरांड्यातला बेगोनिया कंबरेएवढा उंच. बांबूसारखी पेरं, पंखांसारखी पानं, पानांवर चंदेरी ठिपके आणि गुलाबी फुलांचे लोंबते घोस. मुंबईचे पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढत आणि म्हणत, "वहिनी, हाताला गुण आहे हो तुमच्या!" ढेकणांचं नाव मग कुणी काढत नसे. अख्ख्या माथेरानात असं दुसरं झाड नव्हतं, आणि दुसरं असू नये एवढीच विमलबाईंची देवाकडे मागणी होती.

अडचण रीतीची होती. सवाष्णीनं फांदी मागितली तर नाही म्हणू नये, झाड रुसतं. विमलबाई रीत मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. फांदी त्या हसून देत आणि वर सल्लाही देत. खरी छाटणी त्या स्वतः शिमग्याच्या आधी करत. थंडी ओसरली, पेरांवरचे डोळे फुगू लागले, की जून, उंच दांड्या खालची दोन पेरं ठेवून कापायच्या, कोवळ्या राखायच्या, आणि जखम सुकेपर्यंत पाणी बेतानं घालायचं. हे सगळं भर दुपारी, भाऊ आत घोरत असताना, व्हरांड्याला चादर टांगून. मागायला आलेलीला मात्र सांगत, "श्रावणात छाटा हं, अगदी मुळापासून. हवेत ओल असते, पटकन फुटतं."

माथेरानच्या श्रावणात ढग स्वयंपाकघरात येऊन बसतो. खुंटीवर टांगलेल्या छत्रीला बुरशी येते, तिथे कापलेल्या बेगोनियाची काय कथा! पुढच्या वर्षी बाया येऊन सांगत, "कुजलं हो वैनी." विमलबाई हळहळत आणि नवी फांदी देत. अशा हळहळीत त्यांची कितीतरी वर्षं सुखात गेली होती.

भाऊ आत हिशेब करता करता हा सल्ला ऐकत, आणि आपली बायको किती मनमोकळी आहे म्हणून मनोमन खूश होत.

"छान केलंत," विमलबाई शेवटी म्हणाल्या. दुसरं काही म्हणायचं तर आधी बरंच काही कबूल करावं लागलं असतं.

गोकुळाष्टमीला खुंट काळे पडले. भाऊ रोज सकाळी चष्मा लावून कोंब शोधत. "फुटणार गं," ते धीर देत, "तूच म्हणतेस ना!" गणपती आले तेव्हा विमलबाईंनी एक खुंट बोटानं दाबला. बोट आत गेलं.

दिवाळीचे पाहुणे तोंडावर आले होते. रिकामी कुंडी बघून ते थेट गादीकडे बघणार, हे विमलबाईंना दिसत होतं. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून त्या चपलांचं दुकान असलेल्या गौराबाईंकडे गेल्या. गौराबाईंनी आजवर सगळ्यांत जास्त फांद्या नेल्या होत्या आणि सगळ्या कुजवल्या होत्या.

"एखादा कोंब-बिंब जगलाय का हो तुमच्याकडे?"

"या की, मागल्या दारी या," गौराबाई म्हणाल्या.

मॅनेजरांची बायको म्हणून विमलबाईंना आजवर पुढच्या खुर्चीवरच बसवलं जाई. मागलं दार त्यांनी प्रथमच पाहिलं. पागोळ्यांच्या आत, भिंतीला लागून, डालड्याच्या डब्यांची रांग होती. प्रत्येक डब्यात कंबरेएवढा बेगोनिया. कुडापलीकडे शेजारणीच्या परसात तेच. त्याच्या पलीकडच्या परसातही तेच. वर्षानुवर्षं कुजलेली सगळी झाडं घोसांनी लवली होती.

"पण तुम्ही तर... दरसाल कुजलं म्हणायचात."

"नसतं म्हनलं तर तुमी दुसरी फांदी दिली असती का?"

विमलबाई जवळच्या दगडी पाट्यावर टेकल्या. गौराबाईंनी एक चांगली जाड दांडी निवडली, पेराखाली कापली आणि त्यांच्या ओटीत घातली.

"कापता कधी तुम्ही?" विमलबाईंनी विचारलं.

"तुमी चादर टांगता ना, त्याच्या दुसऱ्या दिशी." गौराबाई हात पुसत म्हणाल्या, "वैनी सांगतात त्याच्या उलटं करायचं, हे आमा सगळ्या बायांना म्हाईत हाय. एक भाऊच तुमचं खरं मानतात. त्यांना कोन सांगनार?"