घसरला म्हणे!

जत्रेतल्या कुस्त्यांत निवेदक भागवतकाका प्रत्येक पोराचा डाव भोंग्यावरून नावानिशी सांगत होते. घिस्सा, एकचाक, धोबीपछाड. वर्षाराणीनं सिरसाळ्याच्या पैलवानाला ढाक मारून अस्मान दाखवलं, तेव्हा मात्र काका हसत म्हणाले, "अरारा, पोरगा पाय घसरून पडला!" आखाडाभर हशा पिकला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बापाच्या मानेला लटकून, कितीदा तोंडावर आपटून शिकलेला डाव होता तो. फेटा बांधायला आलेल्या पंचाचा हात झटकून ती मातीनं भरलेल्या अंगानं थेट काकांसमोर उभी राहिली. "काका, उतरा आखाड्यात. तुमी बी घसरता का, बघू." काकांनी खुर्ची घट्ट धरली. हलगी थांबली. "न्हाई उतरत? मग मुकाट डावाचं नाव घ्या." भोंग्यातून बारीक आवाज आला, "ढाक." "कुणाची?" "वर्षाराणीची." "मोठ्यानं बोला," ती कडाडली, "पार सिरसाळ्याला ऐकू गेलं पायजे."