मासळीच्या वासाची वही

पिशवीत गवती चहा होता, टोमॅटो होते, दोन बांगुस मासे होते. वही नव्हती.

ऑरोराने पिशवी ओट्यावर पालथी केली. मांजर लगेच येऊन बसलं. या वर्षी ते फारच सुटलं होतं. मोठ्या डोक्याचा मासा शोधण्याच्या नादात वही मासळीवाल्या नांग पासिंगच्या फळीवर ठेवली, बर्फाशेजारी, आणि तिथेच राहिली. आता मासळीवालीच्या हाती ती वही, म्हणजे संपलंच.

दुसरं काही राहिलं असतं तर ती गेलीच नसती, इतकी दमली होती. जीपनीने जाऊन-येऊन दोन तास. पण इलोइलो शहराच्या रेडिओवर रोज दुपारी लागणारी श्रुतिका ती बावीस वर्षं लिहीत होती, आणि त्यातलं एकही भांडण तिच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. सगळं वहीतून. मुखपृष्ठावर नटीचा फोटो असलेली शाळकरी वही घ्यायची, जीपनीत गुडघ्यावर ठेवायची आणि कान उघडे ठेवायचे. वर वार, खाली दोन-तीन ओळी. कुणाची सून रुसली, कुणी नवऱ्याला घराबाहेर काढलं. अशा चाळीस वह्या पलंगाखाली होत्या. ही एकेचाळिसावी. श्रुतिकेत ती नावं बदलायची. वहीत खरी होती.

आणि मालिका उद्या संपत होती. शेवटचा भाग अजून कोरा. नायिकेचा नवरा समुद्रात बुडून वर्ष झालंय, आता ती काय करते? ऑरोराने लिहिलं होतं, 'रडते'. मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं. बावीस वर्षं तिच्या कागदावर बायका रडतच होत्या. वहीच्या जुन्या पानांत काही सापडेल, एवढीच आशा. नवीन काही लिहिलेलं नव्हतंच. फेब्रुवारीत तिचा नवरा नेस्तोर गेला, तेव्हापासून ती वही नुसती सोबत नेत होती. उघडत नव्हती.

तिने मासे पातेल्यात घालून झाकले, वर पाटा ठेवला आणि पुन्हा जीपनी पकडली.

ती दिसताच भाजीवालीने हाक मारली, "बाई, मी माझ्या नणंदेला खरंच म्हशीचं बूड म्हटलं होतं?"

"म्हटलं होतंस," शेजारची सुकटवाली म्हणाली. "मी इथे बसून ऐकलंय. नंतर रेडिओवरपण ऐकलं."

"तरीच मेली ख्रिसमसला आली नाही."

सगळी रांग हसली. ऑरोराचे कान तापले. नांग पासिंग तेवढी हसत नव्हती. ती खाली मान घालून खवले काढत होती.

"नांग, माझी वही," ऑरोरा म्हणाली. "मला माफ करा."

"माझ्या बहिणीचं पान मी दोनदा वाचलं, इंदाय पोरी." सुरी थांबली नाही. "तिने नवऱ्याला झाडूने मारलं असं लिहिलंयस."

"तुमच्या तोंडून तसंच ऐकलं होतं."

"पातेल्याने मारलं. दुरुस्त केलंय मी."

मग हात पुसून तिने फळीखालून वही काढली. प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली. "मागची पानं कोरी होती. म्हटलं, वाया कशाला घालवायची. जिला सुचलं तिने लिहिलं. आता जा, जीपनी भरेल."

घरी येईपर्यंत वही उघडायचं ऑरोराला धाडस झालं नाही. मांजर पातेल्याशेजारी पहारा देत बसलं होतं. ती तशीच ओट्याला टेकून उभी राहिली आणि वही उघडली.

पानांना खवले चिकटले होते. सगळ्याजणींनी तिच्यासारखंच लिहिलं होतं. वर वार, खाली ओळी. भाजीवालीचं बारीक अक्षर: 'गुरुवार. सुनेने सकाळी हसून भात वाढला. तिला काहीतरी हवंय.' सुकटवालीचं तिरकं: 'गुरुवार. गुडघा दुखतो म्हणून रविवारी मी चर्चला गेले नाही. नाचाला गेले. हे रेडिओवर नको.' ऑरोरा हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि हसून आणखीच दमली.

शेवटच्या पानावर मोठी, ओबडधोबड अक्षरं होती. पेन जोरात दाबलेलं. ते पान नांग पासिंगचं होतं.

'गुरुवार. रेडिओवाली आली. दोन बांगुस नेले. एक मोठ्या डोक्याचा, निवडून. ही डोकं खात नाही. डोकं नेस्तोर खायचा. त्याला जाऊन आठ महिने झाले. दर गुरुवारी वाटतं, सांगावं, इंदाय, आता एक पुरे. मग वाटतं, मी सांगितलं आणि ही खरंच एक न्यायला लागली तर?'

ऑरोराने पाटा बाजूला केला. झाकण उचललं. मांजराने पुढचे पाय ओट्यावर टेकले, दर गुरुवारसारखे.

मोठ्या डोक्याचा मासा वरच होता. मग झाकण परत ठेवलं, शेवटच्या भागाचा कागद ओढला आणि 'रडते' खोडलं. या वेळी पुन्हा लिहिलं नाही. त्याखाली लिहिलं:

'मासळीबाजार. नायिका फळीपाशी येते. म्हणते, दोन द्या. एक मोठ्या डोक्याचा.'