खचलेली भट्टी

भट्टीचा घुमट खाली बसला तेव्हा आत पावांची पहिली खेप होती. पाववाला लांब दांड्याचं फावडं हातात धरून नुसता बघत राहिला. विटा, माती आणि पाव यांचा एकच ढिगारा झाला होता. वास मात्र अजूनही छान येत होता.

चूक त्याचीच होती. घुमटाला तडा गेला तेव्हा त्यानं तो स्वतःच काढून पुन्हा रचला होता. नव्यानं रचलेल्या भट्टीला काही दिवस नुसता मंद विस्तव दाखवायचा असतो, हे पाव भाजणाऱ्या घरात लहान पोरालाही ठाऊक असतं. पण तेवढ्यात गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढेल या धास्तीनं त्यानं दुसऱ्याच दिवशी लाकडं ठासून भरली. माती आतून ओली ती ओलीच. व्हायचं तेच झालं.

दुकान बंद पडलं. बायको, दोन मुली आणि म्हातारी आई, सगळ्यांचं पोट त्या भट्टीवर होतं. शेजारच्या गावातल्या भट्टी बांधणाऱ्यानं महिनाभर फुरसत नाही म्हणून हात वर केले. बायको डब्यांचे तळ खरवडू लागली. धाकटीनं जेवताना "अजून आहे का?" असं विचारणं आपणहून बंद केलं, आणि पाववाल्याला ते फार लागलं. कधी नव्हे तो सकाळी उठून देवापुढे बसला. आई तर रोजच बसायची. ती जरा सरकली आणि त्याला जागा करून दिली. काय नि कसं मागायचं याचा त्याला सराव नव्हता. कुणाला तरी पाठव, एवढंच तो मनात म्हणाला आणि घाईघाईनं उठला.

त्याच आठवड्यात मागच्या दाराशी हातगाडी येऊन थांबली. गाडीवर विटा, माती, थापी, आणि गाडी ढकलणारा त्याचा थोरला भाऊ. थोरला भट्ट्या बांधायचा, आणि चांगल्या बांधायचा. पण एकदा भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, तो "तुझा पाव आतून कच्चा आहे" असं बोलून गेला होता, आणि तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. पाव खरोखरच कच्चा होता, हे तर त्याहून वाईट.

थोरल्यानं चपला काढल्या, बाह्या वर सारल्या, आणि भट्टीच्या तोंडातून अर्धा आत शिरून ढिगारा बाहेर ओढू लागला. मुली काकाच्या हाताखाली विटा उचलायला धावल्या. बायकोनं न विचारताच चहाचं आधण ठेवलं. सगळं घर कामाला लागलं, आणि घरचा धनी तेवढा बाहेर येऊन रिकाम्या गोण्यांवर बसला. उचल तुझ्या विटा आणि चालता हो, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण आत मुली कशाला तरी हसल्या, बऱ्याच दिवसांनी हसल्या, आणि त्यानं ते शब्द गिळले.

थोड्या वेळानं आई बाहेर आली आणि गुडघे धरत त्याच्या शेजारी टेकली.

"मी देवाकडे मागितलं होतं," तो म्हणाला. "याच्याकडे नाही."

"हं."

"दुसरं कुणीच मिळालं नाही का गं देवाला?"

आईनं हाताला लागलेली माती झटकली.

"मिळालं असतं की," ती म्हणाली. "पण मी नाव सांगून मागितलं होतं."

मग तो उठला, बादली घेतली, आणि मातीत पाणी किती घालायचं ते विचारायला आत गेला.