कड्याची जाडी

मृदुलाने दुर्बिणीतून कड्याची जाडी पुन्हा मोजली. सव्वा किलोमीटरच भरली.

फुटलेल्या उपग्रहांच्या तुकड्यांचं हे कडं पृथ्वीभोवती पसरल्यापासून चंद्रावरची माणसं परतू शकली नव्हती. तिची आईही तिथेच अडकली होती. तुकडे एकमेकांवर आदळत हळूहळू एका पातळीत बसत होते. जाडी किलोमीटरच्या आत आली की यानं सुटणार होती. विषुववृत्तावरच्या या वेधशाळेतून कडं बारीक रेघेसारखं दिसे, म्हणून मोजमाप मृदुलाकडे होतं.

“थोडंसंच जास्त आहे, आई,” ती रेडिओवर म्हणाली. “मी कमी लिहिलं, तर तू लगेच निघशील.”

“माझ्याबरोबर यानात आणखी माणसं असतील गं. आहे तेच लिही. मी थांबते.”

मृदुलाने सव्वा लिहिलं. मग दोघी कितीतरी वेळ बोलत राहिल्या.